माझ्या तराजूला न दिसणारं वजन

माझ्या दुकानातला सर्वांत नाजूक तराजू एक मिलिग्रॅमपर्यंत दाखवतो. तो काचेच्या पेटीत असतो. वजन घेताना पंखा बंद करावा लागतो आणि श्वाससुद्धा तोंड बाजूला वळवून सोडावा लागतो. कुंभकोणमच्या बाजारातले सोन्याचे काटे आणि स्वामीमलैच्या मूर्तिकारांचे मोठे काटे दुरुस्त करणं हा माझा तेवीस वर्षांचा धंदा. एका मिलिग्रॅमच्या खालीही वजन असतं हे मला ठाऊक होतं, पण माझा त्याच्याशी कधी संबंध आला नव्हता.

तो आला बायकोच्या इंजेक्शनमुळे. सुईसकट भरून येणारी काचेची बारीक नळी, तिच्यात अर्धा मिलिलिटर पाणी, आणि त्या पाण्यात औषध एकशे ऐंशी मायक्रोग्रॅम. म्हणजे मिलिग्रॅमचा पाचवा हिस्साही नाही. ते सुकवून माझ्या तराजूवर ठेवलं असतं तर तराजूने शून्य दाखवलं असतं. शनिवारी संध्याकाळी सहा वाजता मी ते तिच्या पोटाच्या कातडीखाली टोचलं. रविवारी सकाळी अकरा वाजता तिचा ताप एकशे दोन पूर्णांक चार होता, आणि ती मला सांगत होती की हाडं कुणीतरी आतून पिळतंय.

तिच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनआधी केलेल्या रक्ततपासणीत हेपॅटायटिस बी निघाला होता. तो कधीपासून होता, कुठून आला, हे कळायला मार्ग नाही. डॉक्टर म्हणाल्या, बहुधा लहानपणापासून. माझी आणि मुलीची तपासणी झाली, आम्ही दोघे कोरे निघालो, लशी घेतल्या. तिच्यापुढे दोन रस्ते होते. रोज एक गोळी, किती वर्षं ते सांगता येत नाही. किंवा आठवड्याला एक इंजेक्शन, अठ्ठेचाळीस आठवडे, मग थांबायचं. तंजावरच्या त्या लिव्हरच्या डॉक्टर आमच्यापेक्षा वयाने लहान होत्या आणि घाई अजिबात करत नव्हत्या. त्यांनी दोन्ही बाजू सांगितल्या. बायको म्हणाली, "मोजून संपणारं असेल ते द्या."

माझ्याकडे बघून म्हणाली, असं मला वाटलं. मोजणं माझ्या हातात आहे, असा मी अर्थ घेतला.

त्या औषधाचं नाव इंटरफेरॉन. मी विचारलं, हे विषाणूला मारतं कसं?

"मारत नाही, सार," डॉक्टर म्हणाल्या. त्या आमच्याशी तमिळमध्ये बोलत होत्या. मी आठवेल तसं लिहितो आहे. "हा निरोप आहे. विषाणू शिरलेली पेशी हा निरोप सोडते. शेजारच्या पेशींच्या बाहेरच्या अंगाला तो ऐकण्याची जागा असते. तिथे निरोप पोचला की आत खबर जाते आणि शेकडो कामं एकदम सुरू होतात. विषाणूची नक्कल फाडायची, आपलं स्वतःचं उत्पादन कमी करायचं, आत काय चाललंय त्याचे तुकडे बाहेर टांगून ठेवायचे, म्हणजे गस्तीवाल्या पेशींना दिसतील."

"मग हिच्या पेशी इतकी वर्षं निरोप का सोडत नव्हत्या?"

"हा विषाणू फार हळू पावलांनी राहतो. यकृताच्या पेशीला घरात कोणी आहे याचा पत्ताच लागत नाही म्हणा. म्हणून निरोप आपण बाहेरून देतो."

"आणि ताप?"

"तापही निरोपाचाच. फ्लूमध्ये अंग दुखतं त्यात बराच हात आपल्या स्वतःच्या या निरोपाचा असतो. विषाणूचा नाही."

घरी येताना बसमध्ये मी याचाच विचार करत होतो. पन्नाशी आली तरी मी समजत होतो की ताप म्हणजे रोग. स्वामीमलैत मूर्ती आधी मेणाची करतात आणि मेणाच्या साधारण आठपट धातू ओततात. एक किलो मेण, आठ किलो धातू. तो हिशेब कळण्यासारखा आहे. पण पाचवा हिस्सा मिलिग्रॅम आणि समोर पंचावन्न किलोची बाई आडवी, हे प्रमाण मला कुठल्याच कोष्टकात बसवता येईना. बायको खिडकीशी बसली होती. म्हणाली, "आता वही आणाल."

मी वही आणली.

शनिवार मी ठरवला, कारण रविवारी दुकान बंद असतं. ताप रविवारी येणार, तेव्हा मी घरी असायला हवा. वहीत रकाने आखले: वार, वेळ, ताप, पॅरासिटामॉल किती वाजता. दर आठवड्याला गोळी त्याच वेळेला, थर्मामीटर तोच, जिभेखाली तेवढाच वेळ, आणि त्याआधी अर्धा तास कॉफी बंद. ही शेवटची अट तिला सगळ्यांत जाचली.

तिसऱ्या रविवारी तिची मोठी बहीण तिरुनागेश्वरमहून आली. आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो. दारातून आत येताच तिने बहिणीच्या कपाळाला हात लावला.

"मागच्या रविवारी फोन केला तेव्हाही ताप होता म्हणालीस."

"त्याच्या मागच्याही," बायको पांघरुणातून म्हणाली.

"रविवारच्या रविवारी येतो? ठरवून?"

"ठरवून. तुझ्या मेव्हण्यांनी वार नेमून दिलाय."

अक्काने पुढचं ऐकलं नाही. ती बाहेर गेली आणि समोरच्या कडुनिंबाच्या डहाळ्या आणून दाराच्या चौकटीला खोचल्या. आमच्याकडे गोवर-कांजिण्या आल्या की घरात देवी आली म्हणतात. दाराला कडुनिंब लावतात, घरात फोडणी देत नाहीत, आणि कडुनिंब दिसला की बाहेरचा माणूस उंबऱ्याबाहेरूनच परत जातो. मी इंजेक्शन समजावून सांगितलं. अक्का म्हणाली, "इंजेक्शनचं तुम्ही बघा. नेमून येणारी कोण असते ते मला माहीत आहे." त्या दिवशी सांबार बिनफोडणीचं झालं. दूधवाला पिशवी ओट्यावर ठेवून, घंटा वाजवून निघून गेला. समोरच्या मामी आमच्या दाराकडे बघून आपल्या नातवाला आत घेऊन गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

ते लागलेलं दार बघून मी ओट्यावरच उभा राहिलो. आजारी घराने खूण लावली आणि शेजारच्या घराने दार लावलं. डॉक्टरांनी सांगितलेलं माझ्या डोळ्यांसमोर झालं होतं. पुढच्या भेटीत मी हे डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्या हसल्या, मग म्हणाल्या, "बरोबर आहे, पण एक दुरुस्ती. खूण लावणारी पेशी स्वतःही ती खूण वाचते. आणि रोज डहाळी दिसली तर तुमच्या मामी किती दिवस दार लावतील?" हा प्रश्न त्यांनी सहज विचारला होता. मी तो तेव्हा नीट ऐकला नाही.

वहीतले रविवारी अकराचे आकडे असे होते: १०२.४, १०१.८, १०१.६, १००.९, १००.२, ९९.८, ९९.४, ९९.२. कोणी दुसरा असता तर खूश झाला असता. मी काटे दुरुस्त करणारा माणूस आहे. तेच वजन ठेवलं आणि काटा दर आठवड्याला कमी दाखवायला लागला, तर दोनच शक्यता असतात. वजन झिजलंय, नाहीतर स्प्रिंग थकली आहे. स्प्रिंग म्हणजे बायको. तिच्यात मला बदल दिसत नव्हता, म्हणजे मी बघत नव्हतो. म्हणून मी वजनावर संशय घेतला. औषध दोन ते आठ अंशांत ठेवायचं असतं. आमच्या फ्रिजकडे संशयाने बघणं सोपं होतं. तो मुलीच्या वयाचा आहे.

चौथ्या आकड्यानंतरच मी फ्रिजमध्ये दुसरा थर्मामीटर ठेवला होता. एरवी पाच-सहा अंश. पण महिन्यातून एक दिवस देखभालीसाठी सकाळी नऊ ते पाच वीज बंद असते, आणि त्या महिन्यात मी घरी येऊन येऊन पाहिलं तेव्हा पाच वाजता आकडा चौदावर होता. मला उत्तर सापडलं असं वाटलं. औषध दर महिन्याला एक दिवस तापतंय, म्हणून कमजोर होतंय, म्हणून ताप उतरतोय.

पुढचा बंदचा दिवस नवव्या इंजेक्शनच्या शनिवारीच आला. चार इंजेक्शनांचा नवा डबा आदल्या दिवशीच आणला होता. मी ठरवलं, वीज जायच्या आधी औषध दोन अंशांपर्यंत थंड करायचं, मग बर्फाच्या थर्मासमध्ये ठेवायचं. गोठवायचं नाही हे कागदावर लिहिलेलं मला पाठ होतं. म्हणूनच मी आधी प्रयोग केला. स्टीलच्या पेल्यात पाणी घेऊन ते वरच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवलं आणि घड्याळ लावलं. दोन अंशांवर यायला पंचावन्न मिनिटं लागली. सावधगिरी म्हणून मी पाच मिनिटं कमी केली. शनिवारी आठ वाजता चारही नळ्या कप्प्यात ठेवल्या आणि आठ पन्नासला काढल्या.

चारही नळ्या पांढऱ्या झाल्या होत्या.

पेल्यात पाणी होतं दोनशे मिलिलिटर. नळीत अर्धा. हातात ती नळी धरून उभा असताना मला हे समजलं. जन्मभर दुसऱ्यांच्या प्रमाणातल्या चुका काढणाऱ्या माणसाने चारशे पटींची चूक केली होती, आणि तीही घड्याळ लावून.

बायको मागच्या अंगणात तांदूळ निवडत होती. मी नळ्या ताटलीत घेऊन गेलो आणि झालं ते सांगितलं. तिने एक नळी उचलून उजेडात धरली.

"कुल्फी केलीत."

"आता ही चालणार नाहीत. डॉक्टरांना फोन केलाय. नवीन बुधवारी येतील."

"म्हणजे आज नाही?"

"आज नाही."

"उद्या ताप नाही?"

"नाही."

ती हसायला लागली. मी चार नळ्या घेऊन समोर उभा आणि ती सुपावर हात ठेवून हसते आहे. दोन महिन्यांत ती अशी हसली नव्हती, हे मला तेव्हा कळलं.

रविवारी ती सकाळी सहाला उठली, न्हाली आणि भजनाला गेली. आमच्या इथल्या मराठी लोकांचं विठ्ठलाचं भजन दर रविवारी सकाळी असतं. लग्नाच्या आधीपासून ती तिथे पुढे बसून गाते. मागचे आठ रविवार ती गेली नव्हती. मी ते आजारपणात धरलं होतं. साडेअकराला ती परत आली ती गळा बसवून, आणि चार इडल्या खाल्ल्या. सोमवारी तिने दोन्ही कपाटं आवरली. मंगळवारी सकाळी कॉफी ओतता ओतता म्हणाली, "मी आता ते घेणार नाही."

"काय?"

"इंजेक्शन. आठ घेतली. पुरे."

"अजून चाळीस आहेत."

"मला माहीत आहे किती आहेत. तुमच्यामुळे घरातल्या पालीलाही माहीत आहे."

मी तिला समजावू लागलो. अर्धवट सोडलं तर आठ आठवड्यांचे हाल फुकट जातील, विषाणू तसाच राहील. ती शांतपणे ऐकत होती. मग आत जाऊन तिने वही आणली आणि माझ्यासमोर उघडली.

"यात ताप कुठे लिहिता?"

मी रकाना दाखवला.

"मला गुरुवारी काहीच नकोसं होतं. मुलगी फोनवर बोलते आणि मला वाटतं, ठेव आता. आमटी जळते तरी उठवत नाही. ते कुठे लिहिता?"

वहीत तशी जागा नव्हती.

"मग तुम्हाला काय ठाऊक, मी काय घेतेय ते," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता.

बुधवारी आम्ही तंजावरला गेलो. नवीन औषध घ्यायचं की नाही ते डॉक्टरांसमोर ठरवू, एवढ्यावर ती आली होती. मी आधी माझी चूक सांगितली, पेल्यासकट. मग वही पुढे केली आणि उतरता ताप दाखवला.

डॉक्टर आकड्यांवरून बोट फिरवत गेल्या. "औषध कमजोर झालं नव्हतं, सार. म्हणजे निदान या आकड्यांवरून तसं म्हणता येणार नाही. पेशी हा निरोप ऐकते आणि जी शेकडो कामं सुरू करते, त्यातलं एक काम कान मंद करण्याचं असतं. निरोप ऐकण्याच्या जागेला ती स्वतःच आतून आवर घालते."

"का? विषाणू तर आहे अजून."

"कारण ही हाक सतत तशीच चालू राहिली तर शरीर स्वतःलाच भाजून काढेल. उत्पादन बंद ठेवून पेशी किती दिवस जगणार? हाक लागतेच, आणि ती थांबवणंही लागतं. बहुतेकांचा ताप काही आठवड्यांत असाच उतरतो. ताप हे औषधाचं माप नाही." मग त्यांनी वही मिटली आणि बायकोकडे वळल्या. "हे झालं त्यांच्या वहीचं. तुम्ही सांगा."

बायकोने गुरुवारचं सांगितलं. डॉक्टर खुर्ची पुढे ओढून ऐकत होत्या. झोप, भूक, रडू येतं का, जगणं नकोसं वाटतं का, असे एकेक प्रश्न त्यांनी विचारले. शेवटच्याला बायको "तसं नाही" म्हणाली. डॉक्टर म्हणाल्या, "मन उतरणं हाही याच निरोपाचा भाग असतो, स्वभावाचा दोष नाही. हे पहिल्याच दिवशी नीट विचारायला हवं होतं, ते माझ्याकडून राहिलं. दर महिन्याला मी विचारीन, वाढलं तर आपण थांबवू आणि गोळीवर जाऊ. थांबवणं हा पराभव नाही."

मी बोलणार होतो. बायकोने माझ्याकडे न बघता हाताने थांबवलं.

"आज घेतलं," ती डॉक्टरांना म्हणाली, "तर यापुढे बुधवारच चालेल ना?"

"चालेल. सात दिवसांचं अंतर हवं, वार कुठलाही."

"मग घेते. पण शनिवार परत नाही."

मी म्हणालो, गुरुवारी मी दुकानात असेन, ताप आला तर घरी कोणी नसेल.

"पॅरासिटामॉल मला उघडता येते," ती म्हणाली. "रविवार माझा आहे. हे तुम्ही कधी विचारलंत?"

मी विचारलं नव्हतं. डॉक्टर कागदावर काहीतरी लिहीत राहिल्या. मला वाटतं त्या हसू लपवत होत्या.

त्या संध्याकाळी सहाला मी नववं इंजेक्शन दिलं. गुरुवारी अकराला ती एकटी होती. दुकानात फोन आला.

"एकशे एक पूर्णांक एक."

मी हातातला काटा खाली ठेवला. आठव्या वेळी ९९.२ आणि आता १०१.१. मध्ये फक्त चार दिवसांची जास्तीची विश्रांती. कान पुन्हा तीक्ष्ण झाला होता. औषध ठीक होतं, फ्रिज ठीक होता, आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर मी केलेल्या चुकीतूनच आलं होतं. मी हे सगळं एका दमात तिला सांगितलं.

"बायकोला ताप आला म्हणून नाचणारा नवरा," ती म्हणाली. "अक्काला सांगते, देवीने वार बदलला." आणि फोन ठेवला.

डॉक्टरांना हे कळवलं तेव्हा त्या म्हणाल्या, शक्य आहे, पण एका आकड्यावरून काही सिद्ध होत नाही. हे मला पटलं. मी कोणाचाही काटा एकाच वजनावर पास करत नाही.

त्यानंतर वही तिच्याकडे गेली. तिने ताप लिहिला तर लिहिला, पण एक रकाना स्वतः आखला आणि त्यात रोज एक शब्द लिहू लागली. जड. बरं. राग. काही नाही. गायले. मी ती पानं नंतर तापाशी ताडून पाहिली. सगळ्यांत वाईट शब्द इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवशी नव्हते, जेव्हा थर्मामीटर वर जात होता. ते पाचव्या दिवशी होते, जेव्हा थर्मामीटर ९८.४ दाखवत होता. ती गुरुवारचं सांगत होती ते शनिवारच्या इंजेक्शनपासून मोजलं तर पाचवाच दिवस. आता तो सोमवारी येऊ लागला. मग सोमवारी दुपारी मी दुकान तासभर बंद ठेवून घरी जेवायला जायला लागलो. आमटी मी ढवळतो. आमटी फारशी सुधारलेली नाही.

एकोणिसाव्या इंजेक्शननंतर यकृताचा एक आकडा चौपट झाला आणि मी पुन्हा घाबरलो. डॉक्टर म्हणाल्या, दर आठवड्याला रक्त बघू, पण याचा अर्थ वाईटच असेल असं नाही. गस्तीवाल्यांना विषाणू लपलेल्या पेशी दिसायला लागल्या असतील आणि ते त्या मोडत असतील. तीन आठवड्यांनी आकडा उतरला. कमी आकडा चांगला आणि जास्त वाईट, एवढं सोपं हे काम नाही, हे मी आता धरून चाललो आहे.

अठ्ठेचाळिसावं इंजेक्शन बुधवारीच झालं. औषध थांबल्यानंतर सहा महिन्यांनी शेवटची तपासणी झाली. डॉक्टरांनी आम्हाला कागद वाचून दाखवला. विषाणू जोरात वाढत असल्याची खूण, जिला त्या 'ई' म्हणतात, गेली होती आणि तिच्याविरुद्धची शरीराची स्वतःची तयारी दिसत होती. विषाणूंची संख्या खूप खाली आली होती, शून्य नव्हती. 'एस' नावाची दुसरी खूण अजून आहे. म्हणजे विषाणू गेलेला नाही, दबला आहे. दर सहा महिन्यांनी रक्त तपासायचं, आणि तूर्त गोळी नाही.

"म्हणजे संपलं का?" बायकोने विचारलं.

"मोजून घ्यायचं होतं ते संपलं," डॉक्टर म्हणाल्या. "बघत राहायचं आहे ते राहिलं."

परत येताना बस दारासुरमच्या थांब्यावर बराच वेळ उभी होती. बायकोने पिशवीतून वही काढली, मांडीवर ठेवून त्या दिवसाचा शब्द लिहिला आणि मिटली. मी विचारलं नाही. रविवारी ती भजनाला गेल्यावर मी वही उघडून पाहिली. तिने लिहिलं होतं, "भूक." आधीच्या कुठल्याच पानावर हा शब्द नव्हता. त्याखालचे दिवस कोरे होते.